रस्ता ओलांडणारा आणि रस्त्याने चालणारा

मराठीतला ‘वाट देणे’ हा शब्दप्रयोग मोटारीहून फार जुना आहे. समोरून डोक्यावर ओझे घेतलेला किंवा काठी टेकीत येणारा माणूस दिसला, की मोकळ्या माणसाने बाजूला व्हावे, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ. कायद्याच्या भाषेत हीच गोष्ट पादचाऱ्याचा अग्रहक्क म्हणून आली. तथापि येताना ती बरीच आकसली. हे आकसणे कसे घडले आणि बीड जिल्ह्यासारख्या चालणाऱ्यांच्या मुलखात त्याचा परिणाम काय होतो, याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

चालणाऱ्यांचा मुलूख, हे आम्ही अलंकार म्हणून लिहीत नाही. पैठणहून पंढरपूरला जाणारी नाथांची पालखी याच जिल्ह्यातून जाते. मुक्ताईनगरहून निघालेली मुक्ताबाईंची पालखी खुद्द बीड शहरातून जाते. परळीच्या वैजनाथाला आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरीला पायी येणाऱ्यांची रीत जुनी आहे. हा जिल्हा निजामाच्या राज्यात असताना, १९३२ साली, तेथील सरकारी बससेवा सुरू झाली ती अवघ्या २७ गाड्यांनिशी. म्हणजे आजच्या कित्येक डांबरी सडकांच्या आधी येथे पायवाटा आणि गाडीवाटा होत्या. रस्ता आधी चालणाऱ्याचा होता. वाहन मागाहून आले.

जुन्या कायद्याला याचे भान होते असे दिसते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम २७९ ने सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणे किंवा स्वारी करणे हा गुन्हा ठरविला. तेव्हा मोटार जन्मलीही नव्हती. डोळ्यांसमोर होते ते घोडे आणि बग्ग्या. जबाबदारी हाकणाऱ्यावर टाकलेली होती. तीच तरतूद जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये आहे. पुढे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या परिशिष्टाने आणखी एक गोष्ट सांगितली: मिरवणूक, कूच करणारे सैनिक वा पोलीस आणि रस्तादुरुस्तीचे मजूर यांच्याजवळून जाताना वेग ताशी १५ मैलांहून अधिक नसावा. १९८९ च्या रस्ता नियमांत ही मर्यादा २५ किलोमीटर झाली. दिंडीचे नाव त्यात नाही, पण दिंडी त्यात बसते.

दुसरा प्रवाह शहरांतून आला. ब्रिटनमध्ये १९५१ साली झेब्रा पट्ट्यांना कायद्याचे बळ मिळाले. आपल्याकडील १९८९ च्या नियमांनीही, जेथे सिग्नल वा पोलीस नाही अशा पट्ट्यांवर पहिला हक्क पादचाऱ्याचा, असे म्हटले. २०१७ च्या नियमांनी ते अधिक स्पष्ट केले: चालकाने वेग कमी करावा, थांबावे आणि वाट द्यावी. नियम चांगलाच आहे. परंतु त्यातला पादचारी हा रस्ता ओलांडणारा आहे. काही पावलांपुरता तो हक्कदार. पट्टे संपले की हक्कही संपला.

बीडचा पादचारी बहुतांशी ओलांडणारा नाही, रस्त्याने चालणारा आहे. फाट्यापासून गावापर्यंत, गावापासून शेतापर्यंत आणि देवळापर्यंत तो कडेकडेने जातो. तेथे पट्टे नाहीत, पदपथ नाही, आणि तो दोघा-चौघांत असतो म्हणून त्याची मिरवणूकही होत नाही. २०१७ च्या नियमांत दुर्बल रस्तावापरकर्त्यांची विशेष काळजी घेण्याचे सर्वसाधारण कर्तव्य आहे. पण काळजी म्हणजे हक्क नव्हे. वस्तुतः १९६८ च्या व्हिएन्ना कराराने, ज्यात भारत १९८० साली सामील झाला, या माणसाचा विचार केला आहे: कडेने चालता येत नसेल तर पादचाऱ्याला मुख्य रस्त्यावरून चालता यावे, वस्तीबाहेर वाहने समोरून येतील अशा बाजूने चालावे, आणि समूहाने वा मिरवणुकीने जाणाऱ्यांना रस्त्यावरून जाण्याची मुभा असावी.

हा प्रश्न पुस्तकी नाही. सोलापूर–धुळे महामार्ग, जो पूर्वी २११ क्रमांकाचा होता आणि आता ५२ चा भाग आहे, बीड आणि गेवराईवरून जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये याच महामार्गावर, नामलगाव फाट्यापाशी, पेंडगावच्या मारुतीच्या दर्शनाला पायी निघालेल्या भाविकांना कंटेनरने चिरडले. सहा जण गेले. ते रस्ता ओलांडत होते की नाही, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. ते देवाला चालले होते, आणि जाण्याचा रस्ता तोच होता.

अशा वेळी कायद्याची पुढची दिशा महत्त्वाची ठरते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३८ (१अ) आले. राष्ट्रीय महामार्गासारख्या ठिकाणी पादचारी आणि विनायांत्रिक वाहने यांच्या वावराचे नियमन करणारे नियम राज्यांना त्यान्वये करता येतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे नियम सहा महिन्यांत करावेत असा आदेश राज्यांना दिला. त्याच न्यायालयाने मे २०२५ मध्ये, अडथळ्यांविना पदपथ मिळणे हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे अनुच्छेद २१ चा भाग आहे, असे म्हटले होते. ‘नियमन’ हा शब्द दुधारी आहे. त्यातून महामार्गालगत चालण्याची सुरक्षित पट्टी निघू शकते, आणि ‘पादचाऱ्यांस प्रवेश नाही’ अशी पाटीही निघू शकते.

पाटी लावणे स्वस्त आहे. पण ज्याला दुसरी वाट नाही तो पाटी ओलांडून चालणारच, आणि मग अपघातानंतर दोष त्याच्याच माथी येईल. आमचे म्हणणे एवढेच की, नियम लिहिणाऱ्याने एकदा आषाढाच्या आधी या जिल्ह्यातून पायी जावे. रस्ता कोणाचा होता, हे त्याला वाटेतच कळेल.