घरीं बांधलेल्या विमानाचा मापफलक : यंत्रेतिहासाचें एक उपेक्षित साधन

(१)

पोथ्या, सनदा व दफ्तरें जमविणाऱ्या मंडळींपुढें विमानाच्या मापफलकाचा विषय मांडणें प्रथमदर्शनीं अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. तथापि गेल्या सव्वाशें वर्षांत आपल्याकडे विमानांविषयीं जे दावे झाले, त्यांतील प्रमाण कोणते व ऐकीव कोणते हें ठरवूं लागलें असतां, विचार शेवटीं याच फलकापाशीं येऊन थांबतो, असें आमचें मत झालें आहे. बखरीपेक्षां समकालीन अस्सल कागदाला अधिक प्रमाण मानावें, हा दंडक कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं आपणांस घालून दिला. तोच दंडक यंत्रांस लावून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२)

प्रथम आपल्या ग्रंथांकडे पाहूं. धारानगरीच्या भोजदेवाचा समरांगणसूत्रधार हा अकराव्या शतकांतील ग्रंथ म. म. गणपतिशास्त्री यांनीं संपादून बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२४-२५ सालीं प्रसिद्ध केला. त्याच्या एकतिसाव्या, यंत्रविधान नांवाच्या अध्यायांत हलक्या लांकडाच्या मोठ्या पक्ष्याचें वर्णन आहे. त्याच्या पोटांत पाऱ्याचें पात्र व त्याखालीं अग्नि ठेवावा असें सांगितलें आहे. परंतु यंत्रांची घटना आपण सांगितली नाहीं ती गुप्ततेसाठीं, अज्ञानामुळें नव्हे, असें ग्रंथकार त्याच अध्यायांत स्वच्छ नमूद करितो. ग्रंथकाराचा प्रामाणिकपणा येथें वाखाणण्यासारखा आहे. पण इतिहासाच्या दृष्टीनें परिणाम असा झाला कीं, यंत्राचें नांव उरलें व घटना गेली.

वैमानिक शास्त्र म्हणून जो ग्रंथ भरद्वाजाच्या नांवावर मिरवितो, त्याची गोष्ट निराळी. तो पं. सुब्बराय शास्त्री यांनीं १९१८ ते १९२३ या काळांत तोंडीं सांगितला व दुसऱ्यानें उतरून घेतला. त्यांतील विमानांचीं चित्रें १९२३ सालीं बंगलोरच्या एका नकाशेकारानें काढलीं. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच शास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं त्याची तपासणी करून, ग्रंथ विसाव्या शतकांतील असून त्यांतील विमानें उडण्यास असमर्थ आहेत, असा निर्णय दिला. त्याच्या सुलभ अनुष्टुभांची भाषा पाहिली असतां संस्कृताच्या अभ्यासकासहि तोच निर्णय मान्य करावा लागतो.

(३)

आतां आपल्या प्रांतांतील प्रसिद्ध कथा घेऊं. १८९५ सालीं मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनीं निर्मनुष्य विमान उडविलें व तें १५०० फूट उंच जाऊन खालीं आलें, असें सांगतात. तळपदे हे गृहस्थ खरे व त्यांचा या विषयाचा व्यासंगहि खरा. प्रश्न एवढाच कीं, १५०० हा आंकडा कोणीं व कशावर वाचला? विमानांत माणूस नव्हता, तेव्हां आंतील मापक वाचण्यास कोणी नव्हतें. जमिनीवरून कोन घेऊन उंची काढली म्हणावी, तर अंतर व कोन यांचें टिपण कथेबरोबर येत नाहीं. ज्या संख्येमागें मापक नाहीं ती संख्या बखरींतील लाखाच्या फौजेसारखी समजावी.

याच्या शेजारीं १७ डिसेंबर १९०३ चा प्रसंग ठेवून पाहावा. अमेरिकेंतील किटी हॉक येथें राईट बंधूंनीं त्या दिवशीं चार उड्डाणें केलीं. त्यांच्या विमानावर वाऱ्याचा मापक, थांबविण्याचें घड्याळ व इंजिनाचे फेरे मोजणारा गणक अशीं तीन साधनें बसविलेलीं होतीं. पहिलें उड्डाण १२ सेकंद व १२० फूट, चौथें ५९ सेकंद व ८५२ फूट, हे आंकडे त्याच दिवशींच्या मोजणीचे आहेत. त्यांचा दावा टिकला तो निव्वळ उड्डाणामुळें नव्हे, तर उड्डाणाबरोबर मोजणी व नोंद झाली म्हणून.

(४)

ज्यास इंग्रजींत अल्ट्रालाइट म्हणतात तें अतिहलकें विमान हौशी कारागीर आपल्या घरीं बांधूं शकतो. अमेरिकेच्या नियमाप्रमाणें असें विमान एकाच माणसाचें असून त्याचें रिकामें वजन सुमारें ११५ किलोपेक्षां कमी असावें लागतें. अशा विमानाचा मापफलक, कारागिरांच्या बोलण्यांतील पॅनेल, हा बहुधा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा असतो. त्यांत सुमारें ७९ व ५७ मिलिमीटर व्यासाचीं प्रमाणित भोकें पाडून मापकें बसवितात व इंजिनाचा थरकांप पोंचूं नये म्हणून पत्रा रबराच्या बैठकींवर धरतात.

वेगमापकास विजेची गरज नाहीं. समोरून नळींत शिरणाऱ्या हवेचा दाब व बाजूच्या स्थिर हवेचा दाब यांतील अंतरावर त्याचा कांटा फिरतो. उंचीमापक म्हणजे निर्वात केलेली धातूची डबी. बाहेरचा दाब कमी झाला कीं ती फुगते. मात्र दाब हवामानाप्रमाणें रोज बदलतो, म्हणून त्या दिवशींचा समुद्रसपाटीचा दाब मापकाच्या खिडकींत लावावा लागतो. छत्रपति राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत करवीरास विमानतळ झाला, तो उजळाईवाडीचा माळ समुद्रसपाटीपासून सुमारें २००० फूट उंच आहे. दाब बरोबर लावला असेल, तर तेथें जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाचा कांटाहि २००० च्या आसपास दिसला पाहिजे. दाब लावण्यांत १० हेक्टोपास्कलची चूक झाली, तर उंचींत जवळजवळ ३०० फुटांचा फरक पडतो. म्हणजे मापकावर वाचलेल्या उंचीच्या आंकड्याबरोबर त्या दिवशींचा दाबहि टिपलेला नसेल, तर तो आंकडा अपुरा होय.

(५)

फलकाची पुढील बाजू दर्शनी. त्याचा खरा इतिहास पाठीमागें असतो. तेथील तारांची जोडणी पुढील नियमांनीं चालते. १२ व्होल्टच्या बॅटरीपासून मुख्य स्विच व तेथून वांटणीची पट्टी. पट्टीवरून निघणाऱ्या प्रत्येक तारेस आपला फ्यूज. फ्यूज मापकाच्या रक्षणासाठीं असतो असा समज आहे, तो बरोबर नाहीं. तो तारेच्या रक्षणासाठीं असतो, म्हणून त्याचा आंकडा तारेच्या जाडीवरून ठरवितात. टोकें बहुधा डाख देऊन जोडीत नाहींत, दाबून बसवितात. कारण डाखाजवळ तार ताठ होते व थरकांपानें तेथेंच तुटते. धुराड्याचें उष्णतामान दाखविणारी तार दोन धातूंच्या सांध्यापासून आपली वीज आपणच उत्पन्न करिते. ती तोडून मध्यें तांब्याची तार घातल्यास कांटा खोटें बोलतो. होकायंत्राजवळून वीज वाहिली कीं सुई ढळते. यास्तव जाण्यायेण्याच्या तारा एकमेकींस पीळ घालून नेतात. नंतर विमान दर तीस अंशांवर फिरवून सुईची चूक एका पत्रिकेवर लिहितात व ती पत्रिका होकायंत्राखालींच लावतात. इंजिनाच्या ठिणगीचा स्विच तर उलट्या रीतीचा: दिव्याची तार तुटली तर दिवा विझतो, पण ठिणगी बंद करणारी तार तुटली तर इंजिन चालूच राहतें. बाहेरून पंखा फिरविणाऱ्याच्या प्राणाशीं गांठ असलेली ही गोष्ट नुसता फलक पाहून कळत नाहीं. ती वायरिंगच्या नकाशावरूनच कळते.

म्हणूनच चांगला कारागीर प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस एकच क्रमांक बांधतो व तोच नकाशावर लिहितो. आमच्या वाचकांस ही रीत परकी वाटूं नये. पोथीच्या प्रत्येक पानाच्या समासांत लेखक ग्रंथनामाचें संक्षिप्त अक्षर व पत्रांक घालीत, तें सुटें पान परक्या हातीं पडलें तरी जागेवर जावें म्हणूनच. भोजदेवानें घटना गुप्त ठेविली. तारांना क्रमांक घालणारा कारागीर आपल्या मागून येणाऱ्या अनोळखी हातासाठीं ती उघडी करून ठेवतो. विद्या टिकविण्याचा मार्ग आमच्या मतें हा दुसरा आहे.

(६)

महाराष्ट्रांत या मार्गाचें अर्वाचीन उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचें आहे. त्यांनीं मुंबईस कांदिवली येथील इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलें. तें अतिहलक्या वर्गांतील नसून सहा आसनांचें होतें. फेब्रुवारी २०१६ मध्यें तें मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें. नोव्हेंबर २०१७ मध्यें नागरी विमान खात्यानें तें व्हीटी-एनएमडी या चिन्हानें नोंदविलें. २०१९ सालीं उड्डाणाची परवानगी मिळाली व २०२० सालीं धुळें येथें चांचणी झाली. चौपाटीची कथा व हें विमान यांत जें अंतर आहे तें मुख्यतः कागदाचें आहे.

कोल्हापुरास हा प्रश्न घरचा आहे. बाबूराव पेंटर यांनीं १९१८ च्या सुमारास येथेंच स्वतः चलच्चित्राचा कॅमेरा तयार केला. त्याची स्मृति म्हणून खरी कॉर्नरजवळ स्तंभ उभा आहे. गांवानें कर्त्याचा मान राखला हें योग्यच झालें. परंतु स्तंभावरून कॅमेऱ्याची दांतेचक्रें कशीं कापलीं हें कोणास कळणार नाहीं. उद्यमनगरांतील कारखान्यांत हरहुन्नरी मिस्त्रींचे कागद अद्याप आहेत, आणि ते तेलकट म्हणून रद्दींत जातात.

आमची संग्राहकांस विनंति अशी कीं, घरीं बांधलेलें कोणतेंहि यंत्र आढळल्यास नुसता सांगाडा व छायाचित्र घेऊन थांबूं नये. वायरिंगचा नकाशा, तारांच्या क्रमांकांची यादी, फ्यूजचे आंकडे, होकायंत्राची चूकपत्रिका व चांचणीची वही हीं पांच साधनें मागून घ्यावीं; मूळ न मिळाल्यास नक्कल करावी व नक्कल कोणीं, केव्हां केली हें खालीं लिहावें. कर्ता हयात असतांच हें काम व्हावें. त्याच्या मागें घरच्या मंडळींस त्या वहींतील खुणा वाचतां येत नाहींत, आणि मग त्या यंत्राविषयीं जें उरतें ती बखर असते.