लाइनबॅकरची पारख कशी होते?
अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाच्या दुसऱ्या रांगेत उभा असतो तो लाइनबॅकर. चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडायचं, पास अडवायचा, वेळ आली तर थेट क्वार्टरबॅकवर तुटून पडायचं, ही त्याची कामं.

एनएफएलचे ३२ संघ ड्राफ्टच्या ७ फेऱ्यांत कॉलेजचे खेळाडू निवडतात. त्याआधी इंडियानापोलिसला चाचण्या होतात. त्यात ४० यार्ड, म्हणजे साधारण ३६.५ मीटरची धाव सगळ्यात गाजते. मात्र डाव सुरू होताच खेळाडू पहिलं पाऊल कुठं टाकतो, हुलकावणीला फसतो का, हे सामन्यांच्या चित्रफितीतच कळतं.

२००९ मध्ये सिअ‍ॅटलने ॲरन करीला चौथ्या क्रमांकावर घेतलं; २०११ मध्येच तो ओकलंडला देऊन टाकला. उलट, उंची कमी म्हणून मागे पडलेला झॅक थॉमस १९९६ मध्ये पाचव्या फेरीत, १५४ व्या क्रमांकावर मायामीला मिळाला. २०२३ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला.

२०११ पासून नवख्याच्या पहिल्या कराराची रक्कम निवडीच्या क्रमांकाशी बांधलेली आहे. त्यामुळे पारख चुकली तर कधी संघाचे पैसे वाया जातात, तर कधी गुणी पोराला सुरुवातीची काही वर्षं कमी पैशांत खेळावं लागतं.