नॉर्माचा पुतळा आणि आनंदीबाईंचें लुगडें

अंगाचा बांधा पाहून वस्त्राचा नियम ठरवावा, ही कल्पना आज सर्वत्र रूढ झाली आहे. ठेंगण्या स्त्रीनें आडवे पट्टे वापरूं नयेत, स्थूल स्त्रीनें गडद रंगच घ्यावा, अमुक बांध्यास अमुकच बेत शोभतो, अशीं वचनें शास्त्राधाराच्या थाटांत सांगितलीं जातात. परंतु या सर्व वचनांच्या मुळाशीं जो आदर्श बांधा गृहीत धरलेला असतो, तो कोणाचा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. इतिहासांत मात्र तो एकदां विचारला गेला, आणि त्याचें उत्तरहि मिळालें.

एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील स्त्रियांच्या बाबतींत, कपडा शरीरास बसविण्याऐवजीं शरीरच कपड्यास बसवीत असत. पोलादी वा तत्सम ताठ पट्ट्या घातलेली घट्ट चोळी, जिला तिकडे कॉर्सेट म्हणत, ती नाड्या आवळून कंबर बारीक करी. या जुलुमाविरुद्ध १८८१ सालीं लंडन येथें ‘रॅशनल ड्रेस सोसायटी’ नांवाची संस्था निघाली. लेडी हार्बर्टन या तिच्या पुढारी होत्या. स्त्रीच्या आंतील कपड्यांचें वजन सात पौंडांहून अधिक नसावें, असा या संस्थेचा आग्रह होता. सुधारकांना सात पौंडांची मर्यादा घालावी लागली, यावरून त्या काळच्या स्त्रिया केवढें ओझें वागवीत असतील, याची कल्पना करावी.

पुढें विसाव्या शतकांत कॉर्सेटचें राज्य ओसरलें. पण साचा नाहींसा झाला नाहीं. तो आंकड्यांत शिरला. अमेरिकेंत शिवलेले तयार कपडे टपालानें विकणाऱ्या पेढ्यांकडे, माप बसत नाहीं म्हणून पुष्कळ माल परत येई. तेव्हां तेथील सरकारच्या शेतकी खात्यानें १९३९-४० सालीं सुमारें १५,००० स्त्रियांचीं मापें घेवविलीं. रूथ ओब्रायन व विल्यम शेल्टन यांनीं प्रत्येक स्त्रीचीं ५९ मापें टिपून घेण्याची योजना चालविली, आणि १९४१ सालीं त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिशेबांत मात्र केवळ गोऱ्या स्त्रियांचींच मापें धरलीं होतीं. म्हणजे ‘सर्वसामान्य स्त्री’ ठरवितांना अनेक स्त्रिया आरंभींच वगळल्या गेल्या.

अशाच मापांच्या सरासरीवरून डॉक्टर रॉबर्ट डिकिन्सन व शिल्पकार एब्रम बेल्स्की यांनीं एका तरुणीचा पुतळा घडविला, आणि तिचें नांव ठेविलें ‘नॉर्मा’. हा पुतळा ओहायो संस्थानांतील क्लीव्हलँड शहराच्या आरोग्य-संग्रहालयांत आला. १९४५ सालीं तेथील ‘प्लेन डीलर’ या वर्तमानपत्रानें जाहीर केलें कीं, जिचें शरीर नॉर्माशीं तंतोतंत जुळेल तिला बक्षीस मिळेल. उंची, वजन, छाती, कंबर, नितंब, मांडी, पोटरी, घोटा व पाऊल अशीं नऊ मापें पाहावयाचीं होतीं. साडेतीन हजारांहून अधिक स्त्रियांनीं आपलीं मापें पाठविलीं. परिणाम काय झाला? नऊहि मापें जुळणारी एकहि स्त्री निघाली नाहीं. नवांपैकीं पांच मापें जुळणाऱ्याहि चाळीस भरल्या नाहींत. बक्षीस अखेर जवळांत जवळ येणारीस द्यावें लागलें.

या निकालाचा अर्थ उघड होता. पण त्या काळच्या कित्येक डॉक्टरांनीं दोष दिला तो स्त्रियांनाच. त्या व्यायाम करीत नाहींत, असा त्यांचा निष्कर्ष! पांच वर्षांनीं, १९५० सालीं, अमेरिकन हवाई दलानें ४,०६३ वैमानिकांचीं मापें घेतलीं. गिल्बर्ट डॅनिएल्स या तरुण अधिकाऱ्यानें त्यांतील दहा मापें ताडून पाहिलीं, तों दहाहि बाबतींत सरासरीच्या आसपास असलेला एकहि वैमानिक सांपडला नाहीं. येथें मात्र कोणी वैमानिकांस दोष दिला नाहीं. विमानांतील बैठकच मागेंपुढें सरकेल अशी करण्यांत आली. स्त्रियांच्या वाट्यास उपदेश आला, पुरुषांच्या वाट्यास सोईची बैठक आली, हा भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. स्त्रियांच्या कपड्यांचीं सरकारी प्रमाण-मापें तर १९५८ सालीं ठरलीं, आणि १९८३ सालीं तीं मागें घ्यावीं लागलीं.

मग बांध्याचा नियम सोडला, तर वेषाची निवड कशाच्या आधारें करावी? नॉर्माच्या स्पर्धेपूर्वीं साठ वर्षें, त्याच अमेरिकेंत, एका महाराष्ट्रीय स्त्रीनें या प्रश्नाचें उत्तर आपल्या आचरणानें दिलें होतें. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं वैद्यकीच्या शिक्षणासाठीं फिलाडेल्फियास गेल्या. आपण हिंदु म्हणूनच जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, असें त्यांनीं निघण्यापूर्वीं श्रीरामपूर येथील भाषणांत जाहीर केलें होतें. परंतु नऊवारी लुगड्याचा कांसोटा घातला म्हणजे पोटऱ्या कांहींशा उघड्या राहतात, आणि तिकडील थंडी कडक. तेव्हां आनंदीबाईंनीं पाश्चात्य झगा पत्करला नाहीं, कीं जुन्या नेसणीचा हट्टहि धरला नाहीं. त्या गुजराथी पद्धतीनें, घोट्यापर्यंत पाय झांकतील अशा रीतीनें, लुगडें नेसूं लागल्या. १८८५ सालचें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी व सिरियाच्या साबात इस्लामबुली या तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषांत बसल्या आहेत.

आनंदीबाईंनीं आपला बांधा कोणत्या जातींत मोडतो, हें पाहिलें नाहीं. ऋतु कोणता, काम कोणतें, आणि आपलें काय टाकावयाचें नाहीं, हें पाहिलें. आणि त्यांतून जो वेष सिद्ध झाला तो सर्वस्वी त्यांचा स्वतःचा होता. लुगडें हें न शिवलेलें वस्त्र असल्यामुळें त्यांस ही मोकळीक सहज मिळाली, हें खरें. परंतु शिवलेल्या कपड्यासहि शिंपी उसवून, सैल करून, आंखूड करून अंगाजोगा करतोच. मापाची फीत शिंप्याच्या हातीं उपयोगी आहे. तिला न्यायासनावर बसविण्याचें मात्र कारण नाहीं. आरशापुढें उभ्या राहिलेल्या मुलीस आपलें अंग नियमांत बसत नाहीं असें वाटलें, तर तिनें एवढें आठवावें कीं, साडेतीन हजारांहून अधिक स्त्रियांत तें एकीचेंहि बसलें नव्हतें.