झडपांवरचा शत्रु

हृदयाच्या झडपांवर जंतूंनीं ठाण मांडलें, कीं पूर्वीं मृत्यु बहुधा ठरलेलाच असे. १९११ सालीं संगीतकार गुस्टाव माहलर याच्या रक्तांत न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना ते जंतु सांपडले. निदान अचूक, उपाय शून्य! पुढें पेनिसिलिन आलें. परंतु युद्धकाळीं तें दुर्मिळ, आणि अल्प मात्रांनीं या रोगास गुण येईना. म्हणून अमेरिकेंतील वांटप-समितीनें हे रोगी वगळले. ब्रुकलिनच्या डॉ. लिओ लोवे यांनीं मात्र फायझर कंपनीकडून तें मिळवून शिरेवाटे अखंड व विपुल दिलें. १९४४ च्या जानेवारींत सात रोगी सुधारल्याचा त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. झडपांवरील जंतूंच्या पुंजक्यांत रक्तांतील संरक्षक पेशींचा फारसा शिरकाव होत नाहीं. शेवटचा जंतु औषधासच मारावा लागतो. पूर्वीचें अपयश औषधाचें नव्हे, मात्रेचें होतें. टंचाईचा निकाल शास्त्राचा निकाल मानला, म्हणजे त्याची किंमत रोग्यास द्यावी लागते.