ढोरांच्या वाटेवरची धूळ

भामरागडजवळ इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम या तीन नद्यांचा संगम होतो. वैशाखांतल्या अमावास्येस उत्तररात्रीं तेथील वाळवंटांत उभें राहून वर पाहिलें म्हणजे आकाशगंगेचा पट्टा एकसंध नाहीं, हें सहज ध्यानांत येतें. हंसापासून धनु राशीपर्यंत त्याच्या मधोमध एक काळी भेग गेलेली दिसते. गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांच्या रानांत अशी रात्र अद्यापि पाहावयास मिळते. गोंड लोक या पट्ट्यास ‘ढोर सरी’, म्हणजे ढोरांची वाट, असें म्हणतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया व अमरावतीचे गणेश हलकारे यांनीं गोंड गावांतून हिंडून जमविलेली ही माहिती 2013 सालीं प्रसिद्ध झाली. ढोरांची वाट म्हटली कीं धूळ आलीच. या वाटेवर खरोखरच धूळ आहे, हें कळावयास मात्र शास्त्रज्ञांस फार काळ लागला. तो इतिहास बोधप्रद आहे. कारण त्यांत जी जी अडचण आली, तीच पुढें वाटाडी झाली.

विल्यम हर्शल यांनीं 1785 सालीं तारे मोजून आकाशगंगेची आकृति काढली. तींत सूर्य जवळजवळ मध्यभागीं आला. काळे भाग म्हणजे तारे नसलेल्या पोकळ्या, अशी समजूत पुढें दीर्घकाळ टिकली. अमेरिकेंतील बर्नार्ड यांनीं वर्षानुवर्षें छायाचित्रें घेऊन 1919 सालीं अशा 182 काळ्या ठिकाणांची यादी प्रसिद्ध केली. 1930 सालीं ट्रम्प्लर यांनीं दाखवून दिलें कीं, दूरचे तारकागुच्छ असावेत त्याहून अधिक मंद दिसतात. तेव्हां मध्यें प्रकाश अडविणारी धूळ असलीच पाहिजे. हे कण मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाच्या आसपासचे. ताऱ्यांमधील द्रव्यांत त्यांचें वजन शेंकडा एक एवढेंच. परंतु तेवढ्यानें हर्शलसारख्याचा हिशेब चुकविला.

दुसरी अडचण प्रयोगशाळेंत निघाली. विद्युद्दर्शक यंत्र कितीहि बंदोबस्तानें ठेवलें, तरी त्यांतील विद्युत् हळूहळू निसटून जाई. 7 ऑगस्ट 1912 रोजीं व्हिक्टर हेस हे बलूनमधून पांच हजार मीटरांहून उंच गेले. तेथें ही गळती जमिनीवरच्यापेक्षां पुष्कळच वाढलेली आढळली. तीस कारण होणारे किरण बाहेरून येतात, हें उघड झालें. हेच विश्वकिरण. आपल्याकडे होमी भाभा यांनीं या विषयाचा पाया घातला. त्यांनीं 1945 सालीं स्थापन केलेल्या टाटा संस्थेंत बलूनच्या साहाय्यानें विश्वकिरणांचा अभ्यास होऊं लागला. परंतु हे विद्युद्भारित कण चुंबकक्षेत्रांत वळत वळत येतात. त्यामुळें ज्या दिशेनें ते येऊन पोंचतात, तिकडेच त्यांचें मूळ घर असतें असें नाहीं.

तें चुंबकक्षेत्र 1949 सालीं प्रकट झालें, आणि तेंहि आडवाटेनें. चंद्रशेखर यांच्या गणितानुसार कांहीं ताऱ्यांच्या कडेचा प्रकाश ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलांत कंप पावणारा, असावयास हवा होता. हिल्टनर व हॉल तो शोधावयास गेले. पण त्यांस जें ध्रुवण सांपडलें, तें ताऱ्यांचें नव्हतें, वाटेंतल्या धुळीचें होतें. लांबट कण चुंबकक्षेत्रामुळें एका ओळींत उभे राहतात आणि प्रकाशावर आपली खूण उमटवितात. हें क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारें लाखाव्या भागाइतकेंच आहे. पण विश्वकिरणांस आकाशगंगेंत कोंडून ठेवण्यास तें पुरतें. धूळ, किरण व चुंबकत्व या तिहींचा संबंध येथें जुळला.

यापुढील नकाशे काढण्यांत महाराष्ट्राचा वाटा आहे. विश्वकिरणांतील इलेक्ट्रॉन चुंबकरेषांभोंवतीं फिरतांना रेडिओलहरी सोडतात. त्या टिपण्यासाठीं गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं नारायणगांवजवळ खोडद येथें प्रत्येकीं 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना उभ्या राहिल्या. रेडिओगोंगाट कमी, म्हणून ही जागा निवडली गेली. तेथें एनजीसी 6946 सारख्या जवळच्या दीर्घिकांचीं चुंबकक्षेत्रें मापलीं गेलीं आहेत. पुण्याच्या आयुका संस्थेनें धुळीच्या ध्रुवणाचा मार्ग धरला. तिनें घडविलेलें रोबोपोल हें उपकरण 2013 पासून क्रीट बेटावरील स्किनाकास वेधशाळेंत कामास लागलें; पुढें आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूरच्या आकाशभागांतील चुंबकक्षेत्राचा त्रिमिति नकाशा काढण्याच्या पॅसिफे प्रकल्पासाठीं नवीं उपकरणें करण्याचें कामहि तिनें अंगावर घेतलें.

नकाशा काय आहे तें सांगतो. कां आहे तें सांगत नाहीं. त्यासाठीं गणकयंत्रांत कृत्रिम दीर्घिका रचतात. वायु, गुरुत्व व चुंबकत्वाचें अगदीं क्षीण बीज एवढें देऊन तिला कोट्यवधि वर्षें फिरूं द्यावयाचें. फिरण्यानें व खळबळीनें तें बीज वाढतें. विश्वकिरण वायूस बाहेर रेटतात. शेवटीं तयार झालेलें चित्र खऱ्या आकाशाशीं ताडून पाहतात.

धुळीची उपेक्षा केल्यास काय होतें, याचा धडा 2014 सालींहि मिळाला. दक्षिण ध्रुवावरील बायसेप-2 दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांस विश्वारंभींच्या गुरुत्वलहरींची खूण सांपडल्यासारखें वाटलें. दुसऱ्याच वर्षीं प्लांक उपग्रहाच्या नकाशांशीं ताडतां त्या खुणेचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेंतल्या धुळीचा ठरला. हर्शलनंतर दोनशेंहून अधिक वर्षांनींहि धूळ आपला हिशेब चुकता करून घेतेच.

चंद्रपूर शहरावरील आकाशांत दिव्यांच्या झगमगाटानें व कोळशाच्या धुराळ्यानें ही वाट पुसट केली आहे. रानांतील अंधार अजून शिल्लक आहे. ‘ढोर सरी’ हें नांव सांगणारीं वृद्ध माणसेंहि आहेत. दोन्ही गेल्यावर परत आणतां येणार नाहींत. आश्रमशाळेंतील मुलांस अमावास्येच्या रात्रीं अंगणांत नेऊन ती काळी भेग दाखविण्यास कोणतेंहि यंत्र लागत नाहीं. वाटेचें नांव त्यांच्या आजोबांकडून ऐकवावें आणि त्या भेगेंत काय भरलें आहे तें गुरुजींनीं सांगावें, म्हणजे धडा पुरा झाला.