ग्रामीण उच्चशिक्षणाचा एक प्रयोग

सामाजिक संस्थांना सोबत घेऊन अभ्यासक्रम आखावेत, हा विचार आपल्याकडे नवा नाही. डॉ. राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या अहवालात ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. १९५४ च्या श्रीमाळी समितीने तिला व्यवहार्य रूप दिले आणि १९५६ मध्ये केंद्राने ग्रामीण उच्चशिक्षणाची राष्ट्रीय परिषद स्थापन केली. शासनाने नवी महाविद्यालये काढण्याऐवजी लोकसेवेत मुरलेल्या संस्थांकडेच हे शिक्षण सोपविले. आजच्या तमिळनाडूतील गांधीग्राम, उदयपूरचे विद्याभवन, महाराष्ट्रातील गारगोटी व अमरावती ही त्यांतील काही केंद्रे. येथे अध्यापनाला विस्तारकार्याची जोड होती.

अडचण आशयाची नव्हती, प्रमाणपत्राची होती. विद्यार्थ्याच्या हाती पडे ती पदविका. शासकीय नोकरीसाठी तिला मान्यता मिळाली, तरी सर्वच विद्यापीठांनी तिला पदवीचा दर्जा दिला नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, आयुष्याची तीन वर्षे गुंतविणारा तरुण ज्ञानाबरोबर त्याचे बाजारमूल्यही पाहतो. साहजिकच या संस्था हळूहळू रूढ चौकटीकडे वळल्या. गांधीग्राम १९७६ मध्ये अभिमत विद्यापीठ झाले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समाजसहभागाच्या अभ्यासक्रमांना श्रेयांक देऊ केले आहेत. ते स्वागतार्हच आहे. मात्र सहयोगी संस्थेला अभ्यासक्रम ठरविण्याचा व मूल्यमापनाचा अधिकार मिळणार, की तिच्या वाट्याला केवळ विद्यार्थ्यांच्या हजेरीपत्रकावरील सही येणार, हे नियमांत आधीच स्पष्ट व्हावयास हवे.