पहिला कन्नड बोलपट कर्नाटकात नाही, कोल्हापुरात शूट झाला होता

डिसेंबर २०१९. सीमाप्रश्न पुन्हा एकदा तापलेला. बेळगावात पुतळे जाळले जात होते, त्याचे पडसाद कोल्हापुरात उमटले आणि शिवसैनिकांनी कोल्हापुरातल्या थिएटरमध्ये लागलेला ‘अवने श्रीमन्नारायण’ हा कन्नड सिनेमा बंद पाडला. रक्षित शेट्टीचा हा सिनेमा तेव्हा नुकताच रिलीज झालेला. त्याआधी २०१६ मध्ये उलट घडलं होतं. सीमाभागावर बनलेल्या ‘मराठी टायगर्स’ या मराठी सिनेमाला बेळगाव प्रशासनाने बंदी घातली होती.

आता गंमत बघा. कन्नड भाषेतला पहिलावहिला बोलपट ‘सती सुलोचना’. तो ३ मार्च १९३४ ला बेंगळुरूत रिलीज झाला आणि तिथे हाऊसफुल चालला. पण त्याचं शूटिंग कुठे झालं? कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये.

म्हणजे ज्या गावात कन्नड सिनेमाचे खेळ बंद पाडले गेले, त्याच गावात कन्नड सिनेमा पहिल्यांदा बोलला. हे असं कसं झालं, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

कोल्हापूर कर्नाटकच्या सीमेला लागून आहे. कागल ओलांडलं की थोड्याच वेळात कर्नाटक सुरू होतं, पुढे निपाणी, मग बेळगाव. पण १९३४ मध्ये ही सीमा नव्हतीच. कोल्हापूर हे संस्थान होतं, बेळगाव आणि निपाणी मुंबई इलाख्यात होते आणि म्हैसूर हे वेगळं संस्थान. आजची रेषा आली १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर. त्याआधी नाटक कंपन्या, गवई, पैलवान या पट्ट्यात बिनधास्त फिरायचे. हुबळी-धारवाडला मराठी नाटकं चालायची आणि कोल्हापुरात कन्नड माणूस परका नव्हता.

त्यात कोल्हापूरला सिनेमाचं वेड फार लवकर लागलं होतं. त्याचं श्रेय जातं बाबूराव मेस्त्री यांना, म्हणजेच आपले बाबूराव पेंटर. जन्म ३ जून १८९०. ते आणि त्यांचे आतेभाऊ-मामेभाऊ लागणारे आनंदराव हे दोघं नाटकांचे पडदे रंगवायचे. पडदे रंगवता रंगवता त्यांना हलत्या चित्रांचा नाद लागला. सिनेमा दाखवायचा धंदा त्यांनी करून बघितला, पण खरं डोक्यात होतं ते सिनेमा बनवायचं. अडचण एकच, कॅमेरा. विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता. मग ठरलं की आपणच बनवू.

१९१६ मध्ये आनंदराव गेले. काम अर्धवट राहिलं. पण बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन १९१८ च्या आसपास कॅमेरा पूर्ण केला. कोल्हापुरातल्या कारागिरांनी कोल्हापुरात बनवलेला सिनेमाचा कॅमेरा. आज खरी कॉर्नरला गेलात तर तिथे कॅमेऱ्याचा स्तंभ दिसतो, तो याच आठवणीसाठी. येणारे-जाणारे बहुतेक जण त्याच्याकडे न बघता जातात, ते सोडा.

कंपनीचं नाव ठेवलं महाराष्ट्र फिल्म कंपनी. पैसा कुणी दिला? तानीबाई कागलकर या गायिकेने. मराठी सिनेमाचा इतिहास सांगताना हे नाव एका ओळीत उरकलं जातं, पण एका गाणाऱ्या बाईने तेव्हा कुणाला धड माहीतही नसलेल्या धंद्यात स्वतःची पुंजी लावली होती, ही गोष्ट साधी नाही. शाहू महाराजांचाही या उद्योगाला पाठिंबा होता.

फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये कंपनीचा ‘सैरंध्री’ लागला. त्यातला कीचकवधाचा सीन इतका खरा वाटला की त्यावर सेन्सॉरने आक्षेप घेतला. आणखी एक विशेष म्हणजे यात बायकांची कामं बायकांनीच केली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. पुढे १९२३ चा ‘सिंहगड’ आला, त्यात रात्रीच्या सीनसाठी कृत्रिम प्रकाश वापरला गेला. १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ आला. पौराणिक सिनेमांच्या जमान्यात कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट, आणि त्यातला तरुण शेतकरी होता व्ही. शांताराम.

याच कंपनीत शिकलेल्या पोरांनी मग वेगळी चूल मांडली. १ जून १९२९ ला शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी कोल्हापुरात ‘प्रभात’ सुरू केली. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’, म्हणजे पहिला मराठी बोलपट, हा प्रभातने कोल्हापुरातच बनवला. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. त्या जागेवर आज एफटीआयआय आहे.

प्रभात गेली म्हणून कोल्हापूर थांबलं का? नाही. १९३३ मध्ये दरबाराच्या पाठबळाने कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली. १९३५ चा ‘विलासी ईश्वर’ तिथलाच, दिग्दर्शक मास्टर विनायक, आणि शोभना समर्थ यांचं पदार्पण यातूनच झालं. शालिनी सिनेटोनही आली, तिथे बाबूराव पेंटरांनी १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ पुन्हा बनवला, या वेळी बोलपट म्हणून. एका संस्थानी गावात इतके स्टुडिओ, म्हणजे कॅमेरामन, सेटवाले, मेकअपवाले, साउंडवाले सगळे हाताशी.

आता ‘सती सुलोचना’कडे परत येऊ. बेंगळुरूचे व्यापारी चमनलाल डुंगाजी यांनी साउथ इंडिया मूव्हीटोन काढली आणि कन्नडमध्ये बोलपट काढायचं ठरवलं. पण म्हैसूर संस्थानात बोलपटाची सोय असलेला स्टुडिओ नव्हता. कोल्हापुरात होता. मग दिग्दर्शक वाय. व्ही. राव आख्खं युनिट घेऊन कोल्हापुरात आले. इंद्रजिताच्या भूमिकेत सुब्बय्या नायडू, सुलोचना झाल्या त्रिपुरांबा आणि रावण होते आर. नागेंद्र राव. हे सगळे रंगभूमीवरून आलेले. साधारण दोन महिने शूटिंग चाललं, खर्च चाळीस हजारांच्या घरात. दुर्दैव असं की या सिनेमाची प्रिंट आज शिल्लक नाही. कोल्हापूरच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेले ते कन्नड संवाद आता कुणालाच ऐकता येत नाहीत.

कोल्हापूरच्या पुढच्या काळातलं सगळ्यात मोठं नाव भालजी पेंढारकर. जयप्रभा स्टुडिओ म्हणजे भालजी, हे समीकरण. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या दंगलीत हा स्टुडिओ जाळला गेला. भालजींनी तो पुन्हा उभा केला. ‘छत्रपती शिवाजी’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ हे सगळं त्यानंतरचं. ‘तांबडी माती’मधून दादा कोंडके सिनेमात आले. ‘साधी माणसं’चं संगीत आनंदघन यांचं, म्हणजे लता मंगेशकरांचं, हे तुम्हाला माहीत असेलच.

जयप्रभा पुढे लतादीदींच्या मालकीचा झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर काहीच दिवसांत, स्टुडिओची जागा आधीच विकली गेल्याचं समोर आलं आणि कोल्हापूरचे कलाकार, तंत्रज्ञ रस्त्यावर उतरले. स्टुडिओच्या दारात आंदोलन झालं. मागणी एकच होती, इथे शूटिंगच व्हायला पाहिजे. सरकारने मोरेवाडीत चित्रनगरी केली आहे आणि तिथे मालिकांची कामंही होतात. पण ज्याचे आजोबा जयप्रभात सेट ठोकायचे, त्याला चित्रनगरी दाखवून समजूत पटत नाही.

बनवणारं गाव होतं तसं बघणारंही होतं. शहराच्या पत्त्यांमध्येच थिएटरं आहेत. रिक्षावाल्याला व्हीनस कॉर्नर म्हणा, तो विचार न करता नेतो. व्हीनस टॉकीज मात्र तिथे नाही. उमा टॉकीज, पद्मा टॉकीज, पार्वती टॉकीज ही नावं सिनेमाचं तिकीट कधीच न काढलेल्या पोरांनाही पाठ आहेत, कारण ते बसस्टॉप आणि चौक आहेत. अयोध्या टॉकीजच्या जागी आता अयोध्या टॉवर्स आहे. निदान नाव तरी ठेवलं.

शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, हे तर या सगळ्याच्या आधीचं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवराव भोसलेंची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडणाऱ्या कलाकारांचे व्हिडिओ तुमच्याही फीडवर आले असतील. नाट्यगृह होतं तसंच पुन्हा बांधायचं, असं सरकारने जाहीर केलं.

जयप्रभाच्या दारात मात्र अजून कॅमेरा लागलेला नाही.